आपल्या गोलाला दोन बार

स्पेन देशातल्या फुटबॉलचा एक अख्खा हंगाम मी पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत मोठ्याने वाचून काढला आहे, आणि त्यातलं एक वाक्यही मला तेव्हा धड कळलेलं नव्हतं. हे मी आजवर दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. लोक हसतात, नाहीतर विषय बदलतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. कोणता खेळाडू कोणत्या मिनिटाला पडला हे आता मला सांगता येणार नाही. आमच्या घरात त्या वर्षी काय शिजत होतं आणि कोण काय म्हणालं, ते मात्र सांगता येईल.

कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिला. आमच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत सकाळ व्हायची ती आई स्टोव्हला पंप मारायची त्या आवाजाने. मग नळावर हंडे एकमेकांवर आदळायचे, मग वडिलांची सायकल बाहेर काढताना तिचं मडगार्ड उंबऱ्याला घासायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते नाशिकजवळ सातपूरला एका कारखान्यात होते आणि वसाहतीतल्या जयंतीच्या मंडळाचं सगळं सामान आमच्याकडे असायचं: निळे झेंडे, दोऱ्यांची गुंडाळी, मिरवणुकीतून उरलेले सुतळी बॉम्ब. ते बॉम्ब आई पिठाच्या रिकाम्या डब्यात, फडताळावर, स्टोव्हपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या लांब ठेवायची. दोन खोल्यांत ते अंतर पाच-सहा हात भरत असेल. घरात वीज होती, टेबल नव्हतं. मी आईच्या पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास करायचो, आणि आईला पेटीतलं काही हवं असलं की मला अर्थशास्त्रासकट उचलावं लागायचं.

एफ.वाय.च्या पहिल्याच चाचणीत इंग्रजीत मी नापास झालो. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, शरणपूर रोडच्या बाजूला एक म्हातारे फादर राहतात, परदेशी आहेत, मुलांना इंग्रजी शिकवतात, जाऊन भेट. मी रस्ताभर एक इंग्रजी वाक्य घोकत गेलो. दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या गोऱ्या माणसाने. मी वाक्य सुरू करायच्या आत ते म्हणाले, "ये ये. बूट राहू दे पायात. जेवला का नाय?"

फादर होसे यांची वीस-बावीस वर्षं सुरगाण्याच्या डोंगरात गेली होती. मराठी त्यांनी तिथेच, नागली लावणाऱ्या माणसांकडून उचललेली. आणि मी तर कॉलेजात हसतात म्हणून दोन महिने जिभेवरून 'हाय' आणि 'नाय' घासून काढत होतो. माझं 'आहे' आणि त्यांचं 'हाय' पुढे वर्षभर समोरासमोर बसले. आई पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली तेव्हा घरी आल्यावर मला म्हणाली, "ते आपल्यातलेच वाटतात. तूच जरा बामणावानी बोलतोस."

इंग्रजी शिकवण्याची त्यांची एक अट होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, अक्षरं दिसेनाशी झाली होती. तर मी दर सोमवारी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. मी लगेच हो म्हणालो. इंग्रजी पेपर वाचून इंग्रजीच सुधारेल, असा माझा हिशोब. त्यांनी टेबलावर पेपर ठेवला तो स्पॅनिश होता.

"मला येत नाही ही भाषा, फादर."

"मला येते ना. तू नुसतं वाच. लिवलंय तसं वाचायचं, लय सोपं हाय."

पाच-सहा अक्षरं तेवढी वेगळी वागायची. ती त्यांनी मला एका पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून दिली. पहिल्या सोमवारी मी वर्गात हजेरी घेतल्यासारखा वाचत होतो आणि फादर डोळे मिटून ऐकत होते. पानभर वाचून झालं तेव्हा माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. ते म्हणाले, "शाब्बास. आपण जिंकलो." माझ्या तोंडून निघालेली बातमी मला अशी सगळ्यात शेवटी कळायची.

ते पेपर त्यांची धाकटी बहीण गावाहून पाठवायची. गाव समुद्राकाठचं, सान सेबास्तियान नावाचं. तिकडे रविवारी सामने होत आणि सोमवारच्या पेपरात त्यांची वर्णनं येत. बहीण महिन्याभराचे सोमवारचे चार पेपर एकत्र बांधून बोटीने पाठवायची, ते नाशिकला पोचायला तीन महिने लागायचे. चारही हाताशी असले तरी फादर एका सोमवारी एकच पेपर उघडत, तोही क्रमाने. त्यामुळे त्यांचा हंगाम खऱ्या हंगामाच्या तीन महिने मागून, पण त्याच चालीने चालायचा. तिकडे कधीच लागून गेलेला निकाल इकडे गठ्ठ्यात वळकटी करून झोपलेला असे, आणि आम्ही मात्र पुढच्या सोमवारपर्यंत काळजीत.

गठ्ठा ठेवायला त्यांनी माझ्याकडे दिला होता. त्यामागे आदल्या वर्षाची एक जखम होती. आदल्या वर्षी त्यांच्या गावचा संघ जवळजवळ सगळा हंगाम एकदाही हरला नव्हता. शेवटचा गठ्ठा आला तेव्हा फादरांना धीर धरवला नाही. त्यांनी भिंग घेऊन शेवटचे पेपर आधी उघडले. शेवटून दुसऱ्या सामन्यात गावचा संघ हरला होता, वर्षातला तेवढा एकच सामना, आणि एका गुणाने राजधानीचा संघ विजेता झाला होता. त्यांच्या गावाने तर आजवर कधीच हे विजेतेपद जिंकलेलं नव्हतं. त्यानंतर मागे राहिलेले दोन पेपर त्यांना वाचावे लागले. "त्यात सगळे अजून आशेवर होते रे," ते म्हणाले. "मेलेल्याची पत्रं वाचल्यावानी वाटलं." ते तीन दिवस जेवले नव्हते, असं त्यांच्या स्वयंपाक्याने मला वेगळं सांगितलं.

"म्हणून आता गठ्ठा तुझ्याकडं. तूही उघडायचा नाय."

"शपथ घेऊ का?"

"नको. तुला खोटं बोलताच येत नाय. तोंड लाल होतं तुझं."

तर स्पेनचा फुटबॉल आमच्या घरी आईच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली राहायला आला. दर सोमवारी मला पेटीवरून उचलून आई एक पेपर काढून द्यायची, आणि संध्याकाळी मी तो वाचून परत घेऊन आलो की भाकरी थापता थापता विचारायची, "काय केलं फादरबाबांनी?" जणू फादरच चड्डी घालून मैदानात उतरले होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि फुटबॉल तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण शत्रू कोण, हे तिने पहिल्या महिन्यातच विचारून घेतलं. आपले पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालतात आणि राजधानीचे लोक पांढरे, एवढं तिने लक्षात ठेवलं, आणि त्यांची ख्यालीखुशाली ती आमच्याआधी विचारायची. "त्या पांढऱ्यांचं काय झालं?" जिंकले म्हटलं की तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटली जायची.

फादर महिन्यातून एकदा आमच्याकडे जेवायला येत. मी सायकलवर डबलसीट आणायचो. पांढरा झगा साखळीत अडकू नये म्हणून ते तो गुडघ्यापर्यंत गोळा करून धरत, आणि शरणपूर रोडवरची माणसं वळून वळून बघत. त्यांच्यासाठी आई सुक्या बोंबलाचं कालवण करायची. सान सेबास्तियानलाही मासे असे खारवून, वाळवून ठेवतात म्हणे. पहिल्या वेळी बोंबील भाजतानाचा वास आला तेव्हा ते दारातच थांबले, चष्मा काढून पुसला, आणि बसल्यावर चार भाकऱ्या खाल्ल्या. शेंगोळे केले तर दोन वाट्या. आई माणसांची तब्येत भाकऱ्यांवरून ओळखायची, त्यामुळे फादरांबद्दल तिचं मत फार चांगलं होतं.

एकदा जेवताना त्यांनी त्यांच्या मैदानाची गोष्ट सांगितली. मैदान भाजीबाजाराला अगदी लागून, सामन्यात कोबीचा वास. दादा चांदवडकडच्या बाजारगावातले, त्यांना ते लगेच पटलं. बाजाराच्या आवाराला लागूनच खेळ व्हायला पाहिजे, म्हणजे माणसं आपोआप जमतात, असं ते म्हणाले. फादर पुढे सांगू लागले की त्या मैदानात गोल झाला की आकाशात बार उडवतात, दूर समुद्रात मासे धरणाऱ्या होड्यांना कळावं म्हणून. आपल्या संघाने गोल केला तर दोन बार, समोरच्यांनी केला तर एक. पहिला बार झाला की होडीतली माणसं हातातलं जाळं तसंच धरून दुसऱ्याची वाट बघतात.

आईने हे फार लक्ष देऊन ऐकलं. "आणि दुसरा वाजलाच नाही तर?"

"तर मग गप जाळं ओढायचं," फादर म्हणाले.

त्या वर्षी पुन्हा तसंच होऊ लागलं. त्यांचा संघ आणि राजधानीचा संघ, दोघेच पुढे. जयंती झाली, माझी परीक्षा झाली, इंग्रजीत मी अठ्ठेचाळीस मार्कांनी पास झालो आणि आईने ते फादरांच्या निकालाबरोबरच वसाहतीत सांगितलं. जुलै संपता संपता शेवटचा गठ्ठा आला, त्यात एकच पेपर होता. आता एकच सामना उरला होता. फादरांच्या संघाला परक्या गावी जाऊन नुसती बरोबरी हवी होती. हरले आणि पांढरे जिंकले, तर पुन्हा सगळं पांढऱ्यांचं. आणि त्याच आठवड्यात फादरांना डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. बुधवारी मुंबईला जायचं. सोमवारी दुपारी आमच्याकडे जेवण, आणि जेवणाआधी शेवटचा पेपर, असं ठरलं.

शनिवारी मी कॉलेजातून आलो तर आई दारात उभी. पावसाची ओल पेटीत शिरली होती म्हणून तिने लुगडं आणि तो शेवटचा पेपर दोरीवर वाळत घातले होते. पेपर घडी घातलेलाच होता, नियम तिला माहीत होता. पण घडीच्या वरच्या बाजूला शेवटचं पान आलं होतं, आणि त्या पानावर एक मोठा फोटो. आठ-दहा खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले होते, एक गुडघ्यावर बसून आकाशाकडे हात करत होता. सगळ्यांच्या अंगात पांढरेशुभ्र कपडे.

"हे ते पांढरेच ना?" आई म्हणाली.

मी फोटोखालची ओळ वाचली. राजधानीचं नाव मला ओळखू येत होतं. बाकी काही कळलं नाही.

"मग गेलं," आई म्हणाली, आणि पायरीवर बसली.

पेपर उलगडून पहिलं पान बघावं, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. उघडायचा नाही असं कबूल केलं होतं. आज मला या प्रामाणिकपणाचं हसू येतं. तेव्हा मात्र आम्ही दोघं दोरीवरच्या पेपरकडे घरात कोणी गेल्यासारखे बघत बसलो होतो.

संध्याकाळी दादा म्हणाले, "खरं सांगून टाका. हरणं काय पाप हाय का?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला," आई म्हणाली. "मागच्या वर्षी माणूस तीन दिवस उपाशी राहिला. आता त्याचा डोळा कापायचाय. उपाशी पोटी कापतील का? ते काही नाही. जिंकले असं वाच."

"असं कसं वाचू? पेपरात असेल तेच..."

"तुला तरी कुठं कळतं त्यात काय असतं ते?"

रविवारी सबंध दिवस मी पेटीवर बसून हंगामाचे जुने पेपर चाळले आणि एक विजय तयार केला. मला अर्थ कळत नसला तरी वाचताना फादर कुठे हसले, कुठे मांडीवर थाप मारली, कुठे डोळे पुसले हे मला नेमकं आठवत होतं, कारण तेवढंच मला समजायचं. तेवढे परिच्छेद निवडून मी वहीत एकाखाली एक उतरवले. हसण्याचे चार घेतले, मांडीवर थाप मारण्याचे तीन. शेवटी जरा गंभीर असावं म्हणून ते ज्याला भरपूर रडले होते तो एक मोठा परिच्छेद. वही मी पेपराच्या आत ठेवायची ठरवली. त्यांना कुठे दिसणार होतं.

सोमवारी फादर आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले, झगा नीट केला, हात मांडीवर ठेवले. आई स्टोव्हपाशी पाठमोरी. स्टोव्ह तिने मुद्दाम बारीक केला होता. दादा रजा टाकून घरी थांबले होते; का ते विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. मी वाचायला लागलो. इतक्या सफाईने मी वर्षभरात कधी वाचलं नव्हतं, कारण प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा वाचत होतो.

फादर पहिल्या परिच्छेदाला हसले नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि मग हळूहळू त्यांचे ओठ एका बाजूला ओढले जाऊ लागले. मला वाटलं, झटका आला. मी तसाच वाचत राहिलो. शेवटचा परिच्छेद संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्या दिशेने पाहिलं. माझे कान तापले होते. तेवढं त्यांना बहुतेक दिसत असावं.

"मैदानात कुत्रं शिरलं व्हय आज?" त्यांनी विचारलं.

"असेल, फादर."

"दोनदा शिरलं. मागं ऑक्टोबरातल्या सामन्यातबी शिरलं होतं, अगदी असंच. आणि आपण मग नऊ गोल केले. सगळे पहिल्या अर्ध्यात."

मी वही मिटली.

"आणि शेवटी आपला जुना गोलकीपर वारला. हा तर एकदा वारला होता ना रे? नाताळाच्या आधी. मी चर्चात मिस्सा केली होती त्याच्यासाठी."

आईला राहवलं नाही. ती पदराने हात पुसत पुढे आली. "मी सांगितलं त्याला, फादरबाबा. त्याचा दोष नाही. ते पांढरे नाचताना आम्ही फोटोत बघितले. तुम्ही आधी जेवून घ्या, मग पाहिजे ते ऐका. बोंबील केलेत."

फादर म्हणाले, "हरलो म्हणून तुम्ही मला जिंकवलं." आणि थोड्या वेळाने, "असू दे. वाच आता. खरं वाच. पहिल्या पानापासून."

मी पेपर उलगडला. पहिल्या पानावरही फोटो होता. त्यात पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेली, चिखलाने माखलेली माणसं एकावर एक पडली होती. मी वाचू लागलो. पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. फादरांनी एक हात वर केला, थांब म्हणून, आणि माझ्याकडून तीच ओळ तीनदा वाचून घेतली. मग ते खुर्चीतून उठले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"दोन-दोन," ते म्हणाले. "पाऊस, चिखल. आपण आधी एक केला. मग त्यांनी दोन. वेळ संपली. घड्याळ संपलं. आणि मग आपण..." पुढचं ते त्यांच्या भाषेत बोलले.

"पण मग ते पांढरे का नाचतायत?" आईने शेवटचं पान त्यांच्या नाकासमोर धरून विचारलं.

फोटोखालची ओळ मी वाचली. फादर ऐकत असतानाच हसू लागले, इतके की दादांना त्यांना धरून बसवावं लागलं. राजधानीवाले आपला सामना जिंकून मैदानातच नाचत सुटले होते. तिकडे दुसऱ्या गावात शेवटच्या क्षणी बरोबरी झाली होती, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं आपणच विजेते. "त्यांना वाटलं, आणि तुम्हालाबी वाटलं," फादर डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही आणि पांढरे, तेवढेच फसले."

आईला आपण पांढऱ्यांच्या रांगेत बसलो हे आवडलं नाही. ती फडताळाकडे गेली आणि पिठाचा डबा दादांच्या हातात दिला. "वाजवा. त्यांच्या गावात वाजवतात तसे."

दादांनी सगळं रीतसर केलं. मिरवणुकीत तेच वाजवत असत. खेळ झाला त्याच क्रमाने बार व्हायचे होते: आधी आपला गोल, दोन, मग त्यांचा, एक, पुन्हा त्यांचा, एक, आणि शेवटी आपला, दोन. सहा बॉम्ब त्यांनी वसाहतीच्या मोकळ्या जागेत ओळीने मांडले. भर दुपारी, श्रावणात. दोन झाले तसे लोक बाहेर आले, कोणाची मिरवणूक म्हणून. तिसरा झाला, चौथा झाला. फादर आमच्या पायरीवर उभे होते, मान वर करून, होडीतल्या माणसांनी ऐकावं तसे.

पाचवा दणक्यात वाजला. सहाव्याची वात पेटली, सुरसुरली आणि विझली. दादांनी काडी लावली. पुन्हा विझली. ओल शिरली होती. दुसरा बॉम्ब डब्यात नव्हता. सगळी वसाहत बघत उभी होती, आणि पायरीवर फादर तसेच, हात छातीशी घट्ट धरून. निकाल त्यांना ठाऊक होता, पंधरा मिनिटांपूर्वी मीच वाचला होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की ते आता नाशिकमध्ये नव्हते.

"एकच वाजला," आई माझ्या शेजारून म्हणाली. "एक म्हणजे त्यांचा होतो."

ती आत धावली. स्टोव्हशेजारची पितळी परात तिने उचलली, त्यातलं बाजरीचं पीठ तसंच जमिनीवर ओतलं, आणि उंबऱ्यावर उभी राहून तिने उलथन्याने परातीवर असा एक टोला हाणला की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

फादरांनी हात छातीवरून खाली सोडले.

"झाला," ते म्हणाले. "चला, जेवू."

त्या दिवशी त्यांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या.